सोवळ्यातले शब्द



दोन वर्षांपूर्वी तीन जानेवारीच्या कार्यक्रमासाठी मी एक पत्रक लिहिलं. सावित्रीबाईंवर. रात्रपाळी करून आलो होतो, झोपलो नाही, एका दमात लिहून काढलं. छापायच्या आधी कुणा जाणत्याला दाखवावं असं मंडळातल्या पोरांचं म्हणणं पडलं, म्हणून एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. माणूस वाईट नाही. चहा दिला, बाजूला बसवून घेतलं. मग खिशातलं लाल पेन काढलं. एका पानावर सतरा ठिकाणी लाल झालं.

पहिलीच खूण 'गूण' या शब्दावर होती. मी उकार दीर्घ दिला होता, त्यांनी ऱ्हस्व केला. मी विचारलं, "गुरुजी, फूल दीर्घ, सून दीर्घ, दूध दीर्घ. मग गूण का नाही?"

"तो तत्सम शब्द आहे. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला."

"पण तो संस्कृतातून आलाय हे मला कळावं कसं?"

ते हसले. "संस्कृत आलं की कळतं."

निघताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, "विचार चांगले आहेत हो तुमचे. पण आधी शुद्ध लिहायला शिका, मग विद्रोह करा."

पत्रक त्यांनी सुधारलं तसंच छापलं. वाटलं. कुणी काही बोललं नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. शुद्ध म्हणजे काय, ते कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे शोधत बसलो. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे, नववीला शाळा सुटली. पुढचं शिक्षण विहारातल्या पुस्तकांच्या कपाटात आणि रद्दीच्या दुकानात झालं. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण'ची एक जुनी प्रत मला तिथे किलोच्या भावाने मिळाली. तेव्हा हे पंडिताचं लिहिणं नाही, तसं समजून वाचू नका.

सुरुवात घरातून करतो. माझी भाची तीन वर्षांची आहे. परवा वाटी पालथी करून म्हणाली, "मी करलं." घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही, सगळे 'केलं' म्हणतात. मग हिने 'करलं' कुठून आणलं? तिने बसलं, पडलं, हसलं ऐकलं आणि त्यातून नियम काढला. बस-बसलं, पड-पडलं, मग कर-करलं. नियम बरोबर आहे, भाषाच तिथे आडवाट धरते. सहा महिन्यांनी ती आपसूक 'केलं' म्हणायला लागेल. तिला कुणी छडी मारणार नाही, लाल पेन दाखवणार नाही. तीन वर्षांचं पोर, अक्षर ओळखत नाही, आणि व्याकरण करतंय.

माझी आजी अंगठा उठवायची. ती म्हणायची, "म्या भाकर खाल्ली", "म्या भात खाल्ला", "म्या कालवन खाल्लं". खाणारी तीच. क्रियापद मात्र खाल्लेल्या वस्तूच्या लिंगामागे जातं. आणि "मी भाकर खाती" म्हणताना तेच क्रियापद परत खाणारीच्या मागे येतं. शाळेत याला कर्मणी प्रयोग आणि कर्तरी प्रयोग म्हणतात. मला परीक्षेत ते कधी नीट ओळखता आले नाहीत, पाच मार्कांचा प्रश्न दरवर्षी जायचा. आजी मरेपर्यंत एकदाही चुकली नाही.

आमच्या खात्यात फ्रेमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. ओठ बघायचे, हात बघायचे. साहेब येतोय याचा हात वेगळा, पाणी पाहिजेचा वेगळा, पाळी सुटायला किती वेळ आहे याचा वेगळा. नवीन बदली पोरगा आला की महिन्याभरात हे सगळं उचलतो. कुणी वर्ग घेत नाही. आणि चुकीचा हात केला तर सगळे हसतात, म्हणजे त्यालाही रीत आहे. जिथे माणसं मिळून काम करतात तिथे भाषा होते आणि तिच्यात नियम होतात. वस्तीची भाषा म्हणजे गुरुजींची भाषा मोडून-तोडून झालेली, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा.

आता आजीचं 'म्या' घ्या. शाळेत मी हा शब्द एकदाच उच्चारला, दुसऱ्यांदा उच्चारायची हिंमत झाली नाही. पण दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्या काळच्या व्याकरणांत आणि छापील गद्यात 'म्यां' राजरोस आहे. शास्त्री-पंडित लिहीत होते, "म्यां पाहिले". महानुभावांच्या आणि ज्ञानेश्वरांच्या काळच्या मराठीत त्याचाच थोरला भाऊ 'मियां' आहे. म्हणजे आजी सातशे वर्षांची जुनी शुद्ध मराठी बोलत होती. वरच्या आळीने तो शब्द टाकला, त्या दिवसापासून तो अशुद्ध झाला. आमच्या आळीने टाकला नाही एवढाच गुन्हा.

'पानी'चंही तसंच. 'ण'ला 'न' म्हणतो म्हणून आपल्यातल्या किती पोरांनी वर्गात तोंड उघडायचं बंद केलं, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मी त्यातलाच एक. (आणि धास्तीने काही पोरं उलटी चूक करतात, 'मणुष्य', 'णंतर' म्हणायला लागतात. मग त्यालाही हसतात.) आता बघा. संस्कृतात शब्द आहे पानीय. त्यात न आहे. नवनीत, म्हणजे लोणी, त्यातही न आहे. पुढे महाराष्ट्री प्राकृतात, ज्या भाषेत सातवाहन हालाच्या नावावरची 'गाथासप्तशती' आहे, त्या भाषेत 'न'चा सरसकट 'ण' झाला. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात तसा नियमच सांगितलाय. त्या हिशेबाने नगराला सुद्धा सुरुवातीला ण लागायचा. म्हणजे ज्या पोराच्या 'णंतर'ला वर्ग हसतो, ते पोर त्या काळी शुद्ध ठरलं असतं. पुढे मराठीने शब्दाच्या तोंडाशी न परत आणला, मध्ये ण ठेवला. आपल्या लोकांनी मधलाही न केला. आणि हे आपल्याच वस्तीत आहे असंही नाही. वऱ्हाडात आहे, कुणब्या-माळ्यांच्या घरांत आहे. हिंदीवाले सगळे पानी म्हणतात, त्यांना कुणी अशुद्ध म्हणत नाही.

न काय नि ण काय, जीभ टाळूला कुठे लागते एवढाच फरक. तिला जात चिकटते ती बाहेरून. आणि चिकटवायचं काम फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्य लिहिलं. व्याकरण का शिकावं याची कारणं देताना तो एक गोष्ट सांगतो: असुरांनी शत्रूंना हाक मारताना 'र'च्या जागी 'ल' उच्चारला, म्हणून ते हरले. आपण म्लेंच्छ होऊ नये म्हणून व्याकरण शिकायचं. आता हा र-चा-ल कुणाच्या तोंडात होता? अशोकाचे पूर्वेकडचे शिलालेख बघा, तिथे राजाला 'लाजा' म्हटलंय. ती मगधाकडची बोली. ज्या मुलखात बुद्ध हिंडला, ज्या बोलीत अशोकाने दगडावर लोकांशी बोलणं केलं, त्या मुलखाचा उच्चार पंडितांच्या गोष्टीत असुरांच्या तोंडी गेला. मी हे वाचलं तेव्हा तिसरी पाळी होती, फ्रेमला टेकून मी एकटाच हसलो.

बुद्धाचं म्हणणं चुल्लवग्गात आहे. दोन भाऊ, जातीने ब्राह्मण, भिक्खू झालेले, बोलण्यात तरबेज. ते तथागताकडे तक्रार घेऊन आले की नाना जातीकुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत सांगून बुद्धवचन बिघडवतात, तर आम्ही ते छंदात बांधतो. बुद्धाने त्यांना झिडकारलं आणि आपल्या भाषेत शिकायला परवानगी दिली. या 'आपल्या'चा अर्थ पुढे बुद्धघोषाने बुद्धाची स्वतःची मागधी असा केला, आणि बरेच अभ्यासक ज्याची त्याची बोली असा करतात. वाद आहे. पण छंदाला नकार दिला, यात वाद नाही.

आता अलीकडे येतो, कारण गुरुजींचं लाल पेन काही पतंजलीकडून आलेलं नाही. ते फार तर दोनशे वर्षांचं आहे.

पेशवाईत आणि त्याआधी मराठी लिहायची ती मोडीत. दफ्तरं, हिशेब, पत्रं, तहनामे. पुण्याच्या पुराभिलेखागारात हे कागद ढिगांनी आहेत. आणि रोजच्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. एका इकारावर, एका उकारावर काम चालायचं. राज्यं चालली, सारा वसूल झाला, लढाया झाल्या, कुणाचं काही अडलं नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या लेखणी होती त्या कारकुनांनीही 'गुण' की 'गूण' याची फिकीर केली नाही. आणि ते कागद गावोगाव पोचवत कोण होतं? आपले पणजे. सरकारी टपाल पोचवणं हे महाराचं वतनी काम, १९५८ च्या कायद्याने ती वतनं गेली. पायाला फोड येईतो चालायचं, कागद पाटील-कुलकर्ण्याच्या पुढे ठेवायचा, आणि आत काय लिहिलंय ते कळायची सोय नाही. मराठी लिपीचा इतका प्रवास आपल्या लोकांनी पायांनी केलाय.

इंग्रज आले. त्यांना साहेबलोकांना मराठी शिकवायची होती. विल्यम केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवायचा, त्याने १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून मराठीचं व्याकरण काढलं, १८१० साली कोश काढला. मुंबई-पुण्याकडे शास्त्र्यांच्या मंडळाने १८२९ साली मराठी कोश केला, १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. साहेबाला भाषा शिकवायची म्हटली की एक नमुना लागतो, एक कोणती तरी मराठी 'खरी' ठरवावी लागते. साहेबाच्या बाजूला बसलेले कोण, तर शास्त्री. मग पुण्याकडच्या शिकलेल्या ब्राह्मणांची बोली शाळाखात्याच्या पुस्तकांत आली. मेजर थॉमस कँडी याने क्रमिक पुस्तकांची मराठी तपासून एकसारखी केली. स्वल्पविराम, अर्धविराम ही सगळी चिन्हं सुद्धा इंग्रजीतून आणून त्यानेच रुळवली, १८५० साली त्यावर पुस्तक लिहिलं. आज शुद्धलेखनाचे सनातनी ज्या स्वल्पविरामासाठी जीव टाकतात तो साहेबाने आणलेला आहे, हे त्यांना कुणी तरी सांगा.

दादोबांना मात्र मी सनातन्यांत टाकणार नाही. ते ब्राह्मण नव्हते. जातिभेद मोडायला निघालेल्या परमहंस सभेत ते पुढे होते. आणि १८५१ साली फुल्यांच्या मुलींच्या शाळेची परीक्षा घ्यायला गेले ते हेच. मला तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावासा वाटतो. मराठीचं व्याकरण लिहिणारा माणूस समोर बसलाय, आणि पुढे उभ्या आहेत त्या मुली, ज्यांच्या आयांनी अक्षर पाहिलेलं नाही. त्याने काय विचारलं, मुली काय बोलल्या, न की ण, कोण जाणे. पुढच्याच वर्षी जोतीरावांनी महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा काढली. आणि १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांगाची पोर, मुक्ता साळवे, हिचा निबंध छापून आला. महार-मांगांच्या दुःखावर. तीन वर्षं शिकलेली पोर आणि तिने थेट वेदांवर आणि पेशवाईवर प्रश्न टाकले. शुद्ध लिहायला शिका मग विद्रोह करा, असं जोतीराव तिला म्हणाले असते तर?

जोतीरावांना स्वतःला ते ऐकावं लागलंच. १८७३ साली 'गुलामगिरी' आली. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' निघाली. स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवणारा हा गृहस्थ. त्यांनी फुल्यांच्या पुस्तकांचा समाचार घेतला तो मुख्यतः भाषेवरून. व्याकरण येत नाही, लिहिता येत नाही, अशी टिंगल केली. जोतीराव काय म्हणतायत, शेतकऱ्याच्या घरातून धान्य कुठे जातं, याला उत्तर देण्यापेक्षा ऱ्हस्व-दीर्घ काढणं सोपं. ही युक्ती ओळखून ठेवा. आजही सभेत आपला पोरगा उठून प्रश्न विचारतो तेव्हा समोरचा आधी त्याचा 'ण' ऐकतो.

१८८५ साली रानड्यांच्या मराठी ग्रंथकारांच्या सभेला या म्हणून जोतीरावांना बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी नकाराचं पत्र लिहिलं. तुमच्या सभांचा आणि आमच्या लोकांच्या दुःखाचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय आहे. पत्र मुळातून वाचा, मी सांगण्यात मजा नाही.

मग येतात ते नियम, ज्यांनी माझ्या पत्रकावर सतरा खुणा केल्या. मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली झालं. १९६२ साली त्याचे चौदा नियम सरकारने मान्य केले, १९७२ साली आणखी चार जोडले. अठरा. त्यात एक चांगलं काम झालं, हे कबूल केलं पाहिजे: न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी नांव, पांच, कांहीं असं टिंब देत लिहावं लागे. बाबासाहेबांचा 'मूकनायक' १९२० चा, 'बहिष्कृत भारत' १९२७ चा, त्या काळची छपाई अशीच टिंबांची. म्हणजे एका पिढीतल्या पोरांनी टिंब दिलं नाही म्हणून मार खाल्ला आणि दुसऱ्या पिढीतल्या पोरांनी टिंब दिलं म्हणून. शुद्ध बदललं, छडी तीच राहिली.

आता त्या 'गूण'कडे येतो. मराठी तोंडाची एक रीत आहे. शब्द व्यंजनावर थांबला की त्याच्या आधीचा इकार-उकार लांबतो. मीठ, फूल, सून, गरीब, वकील. पुढे काही जोडलं की आखडतो. मिठाचा, फुलाला, सुनेला, गरिबाला, वकिलाला. माझी आजी हे बोलत होती, भाची बोलते. महामंडळाचा नियमही हेच सांगतो. इथपर्यंत भांडण नाही. गंमत पुढे आहे. गरीब आणि वकील हे अरबीतून आलेले शब्द. दूरचे पाहुणे. ते आले, पंगतीत बसले, घरातल्यासारखे वागायला लागले, मराठीची रीत त्यांना लागू झाली. पण संस्कृतातून आलेल्या शब्दाला ती रीत लागू नाही. उच्चार 'गूण' होतो, 'वीष' होतो, सगळ्यांच्या तोंडी होतो, गुरुजींच्याही. लिहायचं मात्र गुण, विष. वकीलचं वकिलाला होतं, पण शरीरचं शरिराला करायचं नाही, शरीराला ठेवायचं. का? तो तत्सम आहे. त्याला हात लावायचा नाही. मराठीच्या घरात राहायचं, मराठी माणसाच्या तोंडातून फिरायचं, आणि विटाळ मात्र होऊ द्यायचा नाही. सोवळ्यातले शब्द.

आणि व्याकरणाच्या पुस्तकात शब्दांची वर्गवारी कशी केलीय पाहा. तत्सम पहिले. मग तद्भव, म्हणजे त्यांच्यापासून झालेले पण बिघडलेले. मग देशी, ज्यांचा बाप सापडत नाही ते. मग परभाषीय. मला ही उतरंड ओळखीची वाटली. तुम्हालाही वाटेल.

थोडी सूट आहे. शेवटचा इकार-उकार तत्सम असला तरी दीर्घ लिहायचा, म्हणून 'कवि'चा कवी झाला, 'गुरु'चा गुरू झाला. पण समासात गेला की पुन्हा सोवळं नेसतो: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. 'आणि'चा इकार ऱ्हस्व ठेवायला खास परवानगी आहे. हे सगळं पाठ करता येतं, मी केलंय. पण पाठ करताना कळतं की प्रत्येक शब्दाला आधी विचारावं लागतं, बाबा तू कुठला, कुणाचा? त्याचं कूळ कळल्याशिवाय त्याच्याशी कसं वागायचं ते ठरत नाही. आणि त्या कुळाची वही ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती आपल्याला कधी उघडू दिली नाही. बाबासाहेबांना मुंबईत शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे स्वतःच्या कष्टाने ते संस्कृत शिकले. तर एका बाजूने संस्कृत शिकू द्यायचं नाही, दुसऱ्या बाजूने संस्कृत आल्याशिवाय मराठी शुद्ध लिहिता येणार नाही असा नियम करायचा. गुरुजींना हे ठाऊक नसेल. ते सहज बोलून गेले.

त्या अठरा नियमांत एक नियम मी दहा वेळा वाचला. जुन्या पुस्तकांतले उतारे छापायचे तर किती जुने मूळ होते तसे ठेवायचे आणि कुठून पुढे नव्या नियमांनी सुधारायचे, याची हद्द त्यात दिलीय. कवितेची हद्द केशवसुत. गद्याची हद्द विष्णुशास्त्री चिपळूणकर. म्हणजे मराठी गद्याचं नवं-जुनं त्या माणसापासून मोजायचं, ज्याने जोतीरावांच्या मराठीची टिंगल केली. या हिशेबाने 'गुलामगिरी' एका वर्षाने वाचते, 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा, तो हद्दीच्या अलीकडे येतो. ठरवणाऱ्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्यांना दुसरं नाव सुचलंच नाही, हे जास्त वाईट.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. आमच्या कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. त्याच दिवशी पालीला आणि प्राकृतालाही दर्जा मिळाला, आसामी आणि बंगालीलाही, पण ते पेढे वाटणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाला, पाली म्हणजे काय? बाबासाहेबांनी पालीचं व्याकरण आणि कोश स्वतः तयार केला होता. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही, सरकारने काढलेल्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात १९९८ साली आला. आपल्या विहारांत तो खंड असतो, काचेच्या कपाटात, कुलपात. कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारा एकदा.

इथे आपल्यातल्या काही मित्रांशी माझं भांडण आहे. ते म्हणतात, नियम त्यांचे, आपण का पाळायचे? कसंही लिहू. 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातले शब्द पांढरपेशांना कुठे कळत होते, प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही अर्थ विचारावे लागले. खरं आहे. पण नामदेव ढसाळांना दोन्ही मराठी येत होत्या. कोणती कुठे फेकायची हे त्यांनी ठरवलं. न येण्यातून काही फेकता येत नाही. आणि जोतीराव बघा. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले नेमा, आणि शाळेत काय शिकवा? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, शेती. आणि व्याकरण. ज्या माणसाच्या व्याकरणाची टिंगल झाली त्याने आमच्या पोरांना व्याकरण शिकवा अशी मागणी केली. मोडीही मागितली, कारण खत-कबुले मोडीत होत होते आणि सावकार त्यातच फसवत होता.

खरं सांगायचं तर हे भांडण माझ्या स्वतःशीच आहे. या लेखातले माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नको म्हणून मी स्टेन्सिल कापणाऱ्या मित्राला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. म्हणाला, "लोक अंकाला हसतील." म्हणजे लाल पेन आता आपल्याही खिशात आलंय. मी त्याच्याशी वाद घातला नाही, दुसऱ्या पाळीला जायचं होतं.

दिवसपाळी असली की संध्याकाळी आमच्या विहारात मी दहाबारा पोरं घेऊन बसतो. गेल्या महिन्यात शुद्धलेखन घातलं, म्हणजे मी वाचायचं आणि त्यांनी लिहायचं. सहावीतल्या एका पोरीने 'गूण' लिहिलं. दीर्घ. माझ्या हातात पेन होतं, निळं. मी तिला हे सगळं सांगितलं. मीठ-मिठाचा सांगितलं, वकील-वकिलाला सांगितलं, तुझं कान बरोबर आहे म्हटलं, मोडीत असा भेदच नव्हता म्हटलं, जोतीरावांना कसं हसले ते सांगितलं. पोरं मन लावून ऐकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"दादा, मग परीक्षेत कसं लिहू?"

मी म्हटलं, "ऱ्हस्व."

तिने खोडरबर मागितलं. शेजारच्या पोराकडे होतं, त्याने लगेच दिलं नाही, तेवढा वेळ तो शब्द तिच्या वहीत तसाच होता.